आधीच्या बायका कुठे गेल्या?

बुटांच्या कारखान्यात बायकांना बसायला स्टुलं मिळावीत म्हणून ती एकोणीस दिवस फाटकापाशी ठाण मांडून बसली होती. स्टुलं आली, तिला मात्र मालकाने उभ्या उभ्या कामावरून काढलं. त्याला चौदा वर्षं झाली. तेव्हापासून घराच्या पुढच्या खोलीत ती नोकरी शोधणाऱ्या बायकांचे अर्ज लिहून देई, मुलाखतीत कसं बोलायचं ते पढवी. सगळे तिला अर्जवाली मावशी म्हणत.

एका सकाळी त्याच कारखान्याचा सुपरवायझर दारात उभा राहिला. एवढ्या वर्षांत रस्त्यात ओळखही न दाखवणारा माणूस आज गोड हसत होता.

"बाई, वीस जणी हव्यात. सोल चिकटवायच्या खात्यात. परवापासून."

"एकदम वीस? काम वाढलंय का?"

"तसंच समजा," म्हणत त्याने नजर चुकवली.

तो जाताच आतून भाची धावत आली. आठ महिने ती घरी बसून होती. "मावशी, माझंही नाव लिही!"

मावशीने लिहिलं, पण मन खात राहिलं. त्या खात्यात तिची एक जुनी मैत्रीण होती. महिनाभर कुठे दिसली नव्हती. दुपारी मावशी तिच्या घरी गेली.

दार उघडायला फार वेळ लागला. मैत्रीण भिंत धरत धरत आली. एका पायात चप्पल, दुसरा पाय उघडा.

"अगं, दुसरी चप्पल कुठेय?"

मैत्रिणीने खाली पाहिलं. "निसटली वाटतं. कळतच नाही गं आता."

तिने सांगितलं, खात्यात नवीन गोंद आल्यापासून आधी बोटांना मुंग्या आल्या, मग पाय बधिर झाले. धूळ चिकटते म्हणून खिडक्या कायम बंद. दोघी तर अंथरुणालाच खिळल्या. मालकाने सगळ्यांकडून लिहून घेतलं होतं : आम्ही आपण होऊन काम सोडतोय.



संध्याकाळी मावशीने यादीतल्या विसाही जणींना बोलावून सगळं सांगितलं. एक जण म्हणाली, "माझ्या घरी चार तोंडं आहेत. मला जावंच लागेल."

"जा ना. पण सही करण्याआधी एक प्रश्न विचार. सगळ्याच जणी विचारा."

मुलाखतीच्या दिवशी पहिलीने विचारलं, "आमच्या आधीच्या बायका कुठे गेल्या?" सुपरवायझर हसला. पाचवीच्या वेळी खेकसला. अकरावीने विचारलं तेव्हा त्याने पेन खाली ठेवलं. भाचीची पाळी येईपर्यंत पलीकडच्या शिवणखात्यातली मशिनं एकेक करून थांबली होती. तिथल्या बायकाही उत्तराची वाट पाहत दाराशी येऊन उभ्या राहिल्या. कोणी ओरडत नव्हतं.

मावशीने लिहून दिलेल्या तक्रार अर्जावरून चौथ्या दिवशी सरकारी तपासनीस आला. तो गोंद तिथे बंद झाला, खिडक्या उघडल्या, आजारी बायकांच्या उपचारांचा खर्च मालकाला करावा लागला. मैत्रिणीच्या पायांबद्दल डॉक्टर मात्र काही बोलायला तयार नव्हता. भाची कामाला लागली.

पहिल्याच आठवड्यात तिला फाटकापाशी सोडताना मावशीला एक ट्रक दिसला. त्यात त्याच गोंदाची पिंपं चढत होती.

"नष्ट करायला नेताय का?" तिने ड्रायव्हरला विचारलं.

"नष्ट कशाला? चांगला माल आहे, गिऱ्हाईक मिळालंय."

"कुठलं?"

त्याने काच वर केली. मावशीने ट्रकचा नंबर तळहातावर लिहिला आणि तशीच तपासनिसाच्या कचेरीकडे झपझप चालू लागली.