मुशीला पाजलेली कंजी

माझा स्वभाव तापट आहे, असं घरचे म्हणतात. दिवसभर ज्योतीपुढे बसणाऱ्या बाईचा स्वभाव थंड कसा राहावा, हे मात्र कोणी सांगत नाही. दक्षिणेत, मेलकावेरीतल्या आमच्या घराच्या मागच्या पडवीत मी सोन्याचांदीची बारीकसारीक कामं करते. अंगठी, कुडी, तुटलेल्या साखळीचा वेढा, एवढाच माझा पसारा. एवढंसं सोनं वितळवायचं तर मूसही, म्हणजे ते वितळवायचं भांडंही, बेताचंच लागतं. मोठी मूस घेतली तर सोनं भिंतींना चिकटून बसतं आणि ओतताना बाहेर यायचं नाव घेत नाही. लहान घेतली तर हलवताना सांडतं. शिवाय सोन्याची मूस वेगळी आणि चांदीची वेगळी. दोन सवती एका घरात नांदतील एक वेळ, पण या दोघींना एका मुशीत घालायची सोय नाही.

गेल्या वर्षी लेकीचं लग्न ठरलं. आमच्या घराण्यात मंगळसूत्राच्या वाट्यांचं सोनं चांगली वेळ पाहून, दोन्हीकडच्या माणसांसमोर, घरातच वितळवतात. त्या वेळी मूस तडकली किंवा सोनं आगीत सांडलं तर तो अपशकुन. या खेपेला सोनं होतं माझ्या आत्याचं. ती तरुणपणीच विधवा होऊन माहेरी आली, माझी आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं, आणि आता माझ्या स्वयंपाकघरावर राज्य करते. स्वतःच्या गळ्यातून उतरलेल्या दोन वाट्या तिनं इतकी वर्षं पेटीच्या तळाशी जपल्या होत्या. लेक म्हणाली, मला त्याच हव्यात. विहीणबाई तिरुविसनल्लूरच्या. त्या म्हणाल्या, "तुमची मर्जी." असं म्हणतानाचा विहिणीचा सूर ज्यांनी ऐकलाय त्यांना पुढचं सांगायला नको. विधवेचं सोनं नवरीच्या गळ्यात त्यांना नको होतं आणि ते आत्यालाही कळलं होतं.

मी आदल्या दिवशी एक नवी काळी मूस निवडून फळीवर ठेवली होती. सकाळी पाहते तर फळी रिकामी. शोधत शोधत स्वयंपाकघरात गेले. तिथं एका तसराळ्यात पांढुरकं पाणी, आणि त्यात माझी मूस गळ्यापर्यंत बुडालेली.

"आत्या, हे काय केलंस?"

"काय केलें? कंजींत ठेवलें," आत्या नारळ खोवता खोवता म्हणाली. "नवी कलचट्टी आणली कीं ठेवत नाहीं आपण? न ठेवली तर चुलीवर फुटती ती."

कलचट्टी म्हणजे आमच्याकडचं दगडी भांडं. नवं आणलं की त्याला भाताची पेज, म्हणजे कंजी, पाजून मुरवावं लागतं, तेव्हा कुठे ते विस्तव सोसतं. काळी मूस दिसायलाही अगदी कलचट्टीचं पिल्लू. पण मुशीच्या अंगात ओल शिरली की खेळ आटोपला. ज्योत लागली की आतल्या पाण्याची वाफ होते आणि ती मूस फोडून बाहेर येते. हळूहळू वाळवायला दिवस हवा होता, आणि पाहुणे तर वाटेत होते.

माझं डोकं फिरलं. "उद्या ऐरणीला उटणं लाव," मी म्हटलं, "आणि हातोडीला काजळ घाल." आणखीही बरंच म्हटलं. आत्या खोवणी बाजूला सारून पदराला हात पुसत राहिली.

"फुटली तर माझ्या सोन्यानें फुटली म्हणतील गे," ती म्हणाली. "म्हणून मुरवली."

माझा राग कुठल्या कुठे गेला. मला रडूच आलं, आणि रडू आलं म्हणून पुन्हा थोडा राग आला.

फळीखाली पसरट, पांढऱ्या मातीच्या दोन नव्या मुशी होत्या. पहिलीवर नखानं टिचकी मारली, तर आवाज बद्द आला. दिसत नसली तरी तिच्यात कुठेतरी चीर होती. दुसरी खणखणीत वाजली. ती मी दुरून दुरून ज्योत दाखवत तापवायला घेतली, तोवर अंगणात विहीणबाई आणि दोन्हीकडच्या सवाष्णी येऊन बसल्या. मूस लाल झाल्यावर तिच्यात टाकणखाराची पूड भुरभुरवली. तो आधी पापडासारखा फुगतो, मग विरघळून काचेसारखा पातळ होतो. त्याचा लेप मुशीला आतून सगळीकडे बसला पाहिजे, चोचीलासुद्धा, नाहीतर कोरडी माती सोनं धरून ठेवते. तो पसरवायला मनगट सैल लागतं, आणि रागात माझं ते सैल सुटत नाही.

मी दारातल्या आत्याला हाक मारली आणि सांडशी तिच्या हातात दिली. "आप्पमची चट्टी फिरवतेस तशी फिरव."

विहीणबाईंची भुवई वर गेली. आत्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं, मग मुशीकडे. मग जन्मभर आप्पमचं, म्हणजे आमच्या खोलगट घावनाचं, पीठ चट्टी फिरवत कडेपर्यंत चढवलेल्या त्या मनगटानं मूस अशी फिरवली की लेप काठापर्यंत एकसारखा बसला. मी वाट्या आत सोडल्या. त्या वाकल्या, एकमेकींवर कलल्या आणि थोड्या वेळात एकच पिवळा थेंब तळाशी डुलू लागला. साच्यात ओतला तेव्हा मुशीत कणभरही मागे राहिलं नाही. मी तिला विहीणबाईंच्या पुढ्यात मुद्दाम तिरपी करून दाखवली. माझा स्वभाव सांगितलाच आहे.

नवं सोनं निवालं की विड्याच्या पानावर ठेवून सवाष्णींच्या हातांतून फिरवतात. मी पान पुढे केलं तशी आत्या उठली. दूध उतू जाईल म्हणाली. अशा वेळी तिचं दूध नेहमीच उतू जायला आलेलं असतं.

"दूध मी उतरवलंय," लेक म्हणाली, आणि पान घेऊन पहिल्यांदा आत्याच्याच हातावर ठेवलं.

आत्यानं पानासकट मूठ मिटली. मूठ काही उघडेना. सवाष्णी ओळीनं हात पुढे करून थांबल्या. राहुकाळ जवळ आला होता, म्हणून मी तोंड उघडणार एवढ्यात विहीणबाईंनी माझा हात दाबला.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "तिचं झालं की देईल."