गाण्यात नसलेले गिटारकाका

“गाण्याला रडवायचं असलं, की मला बोलावतात,” असं म्हणून ते उजव्या हाताची बोटं पँटला पुसायचे. वाजवायचं नसलं तरी पुसायचे. टेक्सासमधल्या फ्रिस्कोत आमच्या शेजारच्या घरात ते एकटेच राहत. वय पंच्याहत्तरच्या आसपास, डोक्यावर हॅट आणि गॅरेजमध्ये गाडीच्या जागी पेडल स्टील. म्हणजे टेबलासारखी आडवी मांडलेली गिटार. तारांवरून पोलादी कांडी सरकवायची, पायाने पेडल दाबायचं, आणि सूर हुंदक्यासारखा ओढला जातो. कंट्री संगीताचा, म्हणजे इथल्या गावाकडच्या गाण्यांचा, अर्धा जीव त्यातच असतो.

आमची मुलं त्यांना गिटारकाका म्हणत. मराठी बोला म्हटलं की इंग्रजीत उत्तर देणारी ही मुलं एका टेक्सन म्हाताऱ्याला काका म्हणतात, याचं आमच्याकडे राहणाऱ्या माझ्या आईला केवढं कौतुक!

अकरा वर्षं ते एका गायिकेच्या साथीला होते. मग तिचं एक गाणं तुफान चाललं आणि ती कंट्री सोडून पॉपमध्ये गेली. ग्रोसरीत कांदे निवडताना मी ते गाणं शंभरदा ऐकलंय. तुम्हीही ऐकलं असणार. “काका, आज तुमचं गाणं लागलं होतं,” म्हटलं की ते हॅटला हात लावून “थँक यू” म्हणत. आणि गॅरेजकडे वळत.

आता आपली खोड तुम्हाला माहीत आहे. जरा नाव काढलेला माणूस सापडला, की आपण त्याचा सत्कार करतो. मंडळाच्या गणपतीत त्यांना शाल-श्रीफळ द्यायची कल्पना माझीच. निवेदकाने स्पीकरवर ते गाणं लावलं आणि म्हणाला, “सर, यात तुम्ही कुठे वाजवलंय, दाखवा ना!”

ते दोन्ही हातांत नारळ धरून उभे. गाणं अर्ध्यावर आलं, कीबोर्डचा एक तुकडा वाजला. “हे बघा, इथे,” ते म्हणाले. हॉलभर टाळ्या.

परतताना गाडीत शाल घडी करत म्हणाले, “मी त्या गाण्यात नाहीये.”

“म्हणजे?” मी विचारलं.

“गाण्याचे दोन मिक्स, म्हणजे दोन वेगळे अवतार, केले होते. कंट्री रेडिओसाठी माझ्यासकट, पॉप रेडिओसाठी मला काढून. जगभर गेला तो दुसरा. तिने स्वतः फोन करून सांगितलं, रडली बिचारी. तिचा काही दोष नाही.”

“मग स्टेजवर बोलला का नाहीत?”

“तुम्ही सगळे इतके खुश होता.”

शाल मांडीवर ठेवून त्यांनी विचारलं, “तू कंप्युटरवाला ना? तो पहिला मिक्स कुठे सापडेल? माझी सीडी घर बदलताना हरवली. एकदा ऐकायचाय.”

“सिंपल आहे काका. या वीकेंडला सर्च करतो.”

मग ऑफिसात सॉफ्टवेअरचा रिलीज आला, व्हिसाचं लचांड आलं, मुलीचं स्विमिंग, नागपूरची ट्रिप. दोन वर्षं गेली. त्यांनी एकदाच आठवण केली, तीही “घाई नाही हं” म्हणून. घाई होती. गेल्या वसंतात हॉस्पिटलमध्ये गेले ते परत आले नाहीत. ओहायोहून त्यांची मुलगी आली आणि दोन दिवसांत घर रिकामं करून गेली.

ती गेल्यावर मी लॅपटॉप उघडला. रेडिओ स्टेशनांना वाटलेली जुनी सीडी कुणीतरी अपलोड करून ठेवली होती. शोधायला वीस मिनिटं लागली. लिहितानाही लाज वाटते.

ड्राइव्हवेवर उभा राहून मी ते ऐकलं. शेवटचं मिनिटभर गायिका गातच नाही. हेच एकटे वाजवतात.

आतून आई बाहेर आली आणि दारातच थांबली. संपेपर्यंत चौकटीला टेकून ऐकत राहिली. मग म्हणाली, “काय रे वाजवतोय हा! कोण आहे?”

“आपले काका,” मी म्हणालो.