पद्मावतीवैनींचा नळ

टेस्टर नळाला टेकवला आणि त्याचा दिवा लागला. सकाळचे सात वाजले होते. स्वयंपाकघराच्या दारात अभय उभा होता आणि त्याची बायको स्नेहल कोपराला बर्फ लावून बसली होती. मी दिव्याकडं बघत राहिलो. दीड महिन्यापूर्वी याच नळाला हाच टेस्टर लावून मी छातीठोक सांगितलं होतं की नळात काय बी न्हाई.

मी वायरमन. शाळा चौथीपर्यंत, ती पण रडतखडत. शिराळ्याकडनं माधवनगरला आलो, गिरणीत लागलो, तिथं मोटारी खोलता खोलता हात बसला. पुढं चाळीस वर्षं लोकांच्या घरांची वायरिंग केली. डिप्लोमावाल्यांनी केलेली कामं मी दुरुस्त केलीत. माझं काम दुसऱ्या कुणाला दुरुस्त करावं लागलं न्हाई, हे मी लय जणांना ऐकवलंय. हे घर पण माझ्याच हातचं. अभयचे वडील अण्णा माझे दोस्त. त्यांनी घर बांधलं तवा सगळी वायरिंग मी केली. अण्णा आता न्हाईत.

दीड महिन्यापूर्वी बोलावलं होतं ते अभयच्या आईनं, पद्मावतीवैनींनी. जैनाचं घर. नळाला फडकं बांधून पाणी गाळून घेतात. ते फडकं रोज सकाळी वैनी स्वतः बदलायच्या. अंघोळ करून, ओलेत्यानं, अनवाणी. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत.

"भावजी, नळ ओढतोय मला," त्या म्हणाल्या.

"ओढतोय म्हंजे?"

"हात धरून ठेवल्यागत करतोय. मग पार कोपरापर्यंत मुंग्या."

दुपारचे दोन वाजले होते. मी टेस्टर लावला, दिवा लागला न्हाई. मग सगळ्यांच्या देखत नळ मुठीत धरला. पायात रबरी चप्पल होती, ती काढायचं मला सुचलं न्हाई.

"हे बघा, धरलाय. ओढतोय व्हय मला?"

स्नेहल हसली. अभय पण हसला.

"तुमी दुपारी आलाय," वैनी म्हणाल्या. "मला सकाळी बसतोय झटका."

"वैनी, करंटला घड्याळ कळत न्हाई. आणि ही वायरिंग मी केलीय. तुमी न्हाई."

वैनींनी फडकं नीट केलं आणि आत गेल्या. निघताना मी अभयला बाजूला घेतलं. म्हणालो, "वयानं हुतंय असं. मिरजेला दाखवून आण."

अभयनं ऐकलं. मिरजेच्या डोक्याच्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या. त्या गोळ्यांनी वैनी सकाळी नऊ-नऊ वाजेपर्यंत झोपायला लागल्या. घरातल्यांनी त्यांना स्वयंपाकघरात येऊ देणं बंद केलं. म्हातारीला भास होतात, गॅसपाशी नको, असं ठरलं. मागची खोली आणि एक खाट, एवढंच त्यांचं राहिलं. मग फडकं स्नेहल बदलायला लागली. ती पण अंघोळ करून, अनवाणी. एका सकाळी तिला नळानं फेकलं, कोपर कट्ट्यावर आपटलं. तिला मिरजेला नेलं न्हाई कुणी. मला फोन केला.

आता मी नळ मुठीत धरला न्हाई, व्होल्ट मोजायचा मीटर काढला. अंगणात एक लोखंडी सळई ठोकली, तिला वायर बांधून आत आणली. मीटरचं एक टोक त्या वायरला, दुसरं नळाला. मीटरवर ऐंशी व्होल्ट. ओल्या अंगाच्या माणसाला ऐंशी व्होल्ट लय झाले.

"गिझर चालू हाय का?"

"हाय," अभय म्हणाला.

"बंद कर."

गिझर बंद केला आणि काटा खाली आला. चालू केला, परत ऐंशी. करंटला घड्याळ कळत न्हाई, पण या घरात गिझर फक्त सकाळी लावतात, हे कळायला मला दीड महिना आणि एका बाईचं कोपर लागलं.

वाचणाऱ्याला सांगतो. घरात फेजच्या वायरनं करंट येतो, न्यूट्रलनं परत जातो. अर्थिंग ही तिसरी वायर. तिला रोजचं काम नसतं. गिझरच्या पत्र्यात चुकून करंट उतरला तर तो जमिनीत नेऊन सोडायचा, एवढंच. त्यासाठी अंगणात खड्डा मारून, पाइप पुरून, कोळसा आणि मीठ भरून ती वायर तिथवर न्यावी लागते. खड्डा मारायचा कंटाळा आला की काही वायरमन बोर्डातच हिरवी वायर न्यूट्रलला जोडतात. त्याला लूप म्हणतात. बाहेरनं बघणाऱ्याला सगळं बरोबर दिसतं.

मी मेन बोर्ड खोलला. हिरवी वायर न्यूट्रलला जोडलेली होती.

"कुठल्या गाढवानं केलंय?" अभयनं विचारलं.

मी टेप सोलली. खाली पाच वेढे, डावीकडं वळवलेले, आणि त्यावर सुताचा दोरा गुंडाळलेला. गिरणीतली सवय. जॉइंटवर आधी सूत, मग टेप. आख्ख्या माधवनगरात असा जॉइंट करणारा एकच माणूस होता.

मग सगळं आठवलं. बांधकामाच्या वेळी अंगणात वाळूचा ढीग होता. वाळू हलली की खड्डा मारू, म्हणून तात्पुरता लूप टाकला. वाळू हलली. खड्डा राहिला. इतकी वर्षं निभावलं, कारण रस्त्यावरनं येणारा पाण्याचा पाइप लोखंडी होता. गिझरपासनं नळापर्यंत आणि नळापासनं जमिनीपर्यंत सगळं लोखंड. माझं पाप जमीन गिळत होती. गेल्या उन्हाळ्यात तो पाइप बदलून प्लॅस्टिकचा केला, ती वाट बंद झाली. त्यात लाइटच्या मीटरपाशी न्यूट्रलचा जॉइंट ढिला झाला, हे मागनं कळलं. गिझर लावला की परत जाणाऱ्या करंटला तिथं अडथळा, मग तो माझ्या लूपमधनं गिझरच्या पत्र्यावर आणि तिथनं नळात.

विजेच्या ऑफिसातनं लाइनमन आला, लाइटच्या मीटरचं सील तोडून बघितलं. जॉइंट काळा पडला होता.

"म्हंजे मीटरचा फॉल्ट, न्हाई का काका?" अभय म्हणाला.

तिथं व्हय म्हटलं असतं तर सुटलो असतो. लाइनमन पण मान हलवायला लागला होता. तोंडात आलं होतं. न्हाई म्हटलं ते चांगुलपणानं नव्हे. सुताचा दोरा अजून माझ्या बोटाला गुंडाळलेला होता.

"जॉइंट ढिला हुता. पण करंट नळापर्यंत न्हेला मी."

मी मागच्या खोलीत गेलो. वैनी उशाला टेकून बसल्या होत्या, डोळे जड.

"वैनी, नळात करंट हुता. लूप माझा हुता."

"मला काय सांगताय?" त्या म्हणाल्या. "मला ठावं हुतं. ज्यांना सांगितलंत मी याडी झाली म्हणून, त्यांना सांगा."

दोन दिवस लागले कामाला. लूप तोडला. खड्डा मी मारला, दुसऱ्याला हात लावू दिला न्हाई. पाइप, कोळसा, मीठ, आणि तिथनं बोर्डापर्यंत जाड वायर. घरातलं पाण्याचं सगळं लोखंड आणि गिझर एका वायरनं बोर्डातल्या अर्थिंगच्या पट्टीला बांधलं, म्हणजे नळ आणि गिझर यांच्यात फरक राहत न्हाई. ELCB नावाचा स्विच बसवला. करंट कुठं गळायला लागला की तो आपोआप पडतो आणि लाइन बंद करतो. सकाळी गिझर लावून मीटर बघितला. शून्य.

तिसऱ्या दिवशी तो दोरा आणि वायरचा तुकडा खिशात घालून मिरजेला गेलो. अभय बरोबर होता. डॉक्टरनं सगळं ऐकून घेतलं, हळूहळू गोळ्या बंद करायला सांगितल्या. माझ्याकडं बघून एवढंच विचारलं, "पहिल्यांदा तुम्हीच तपासलं होतं ना?"

"व्हय," म्हणालो.

वैनी आता स्वयंपाकघरात येतात. फडकं मात्र स्नेहलच बदलते. वैनी त्या नळाला हात लावत न्हाईत, पाणी लागलं तर दुसऱ्याला सांगतात. मीटर दाखवला, शून्य दाखवला. त्या म्हणाल्या, "तवा पण तुमी शून्यच दाखवला हुता."

माझ्या हातची जी घरं आठवली, त्यातली सात उघडून बघितली. तीन घरांत लूप निघाला. आणखी दोघांनी दारातनंच परत लावलं, म्हणाले, काय बिघडलं न्हाई तर खोलता कशाला.

एवढंच सांगतो. बाई म्हणाली नळ ओढतोय, तर दुपारी जाऊ नका. ती ज्या वेळेला हात लावते त्या वेळेला जा, मीटर घेऊन जा, आणि वायरिंग कुणी केलीय ते तिला ऐकवू नका.