बाहेर थांबण्याचा नियम

आमच्या विद्यापीठाच्या विद्वत् परिषदेत एक नियम आहे. एखाद्या विषयात सदस्याचा किंवा त्याच्या घरच्या माणसाचा हितसंबंध असेल, तर तो विषय निघाला की त्या सदस्यानं उठून बाहेर जायचं. नियम चांगला आहे. कुणाचा जावई, कुणाची सून, कुणाचा भाचा हे सगळं आमच्याकडे इतकं गुंतलेलं आहे, की तो मनापासून पाळला तर सभागृहात कुलगुरू आणि चहावाला एवढेच उरतील. बहुतेक जण पाळत नाहीत. मी पाळायचे. मला नियम पाळायची खोडच आहे.

माझा नवरा माझ्याच विभागात अर्थशास्त्र शिकवायचा. आम्ही दोघं एकाच दिवशी एकाच मुलाखतीला गेलो होतो, एकाच ऑटोतून. माझी निवड झाली, त्याची नाही. पुढच्या जाहिरातीत तुझं होईल, असं मी त्या संध्याकाळी त्याला म्हणाले होते, आणि तेव्हा मला ते खरंच वाटत होतं. पुढची जाहिरात आलीच नाही. मग तो पार्ट-टाइम म्हणून लागला, म्हणजे जितके तास घेतले तितक्यांचे पैसे आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत काही नाही. असं करता करता त्याचे केस पांढरे झाले. मी प्रोफेसर झाले, विभागप्रमुख झाले, ज्येष्ठतेनं विद्वत् परिषदेवर गेले. तो होता तिथंच राहिला. घरी तो मला ‘परमनंट’ म्हणायचा. काय परमनंट, चहा टाकू का, असं. लोक मला हळूच विचारायचे, त्यांच्या मनात काही असेल ना हो? नव्हतं. हैदराबादेत नल्लकुंट्याच्या आमच्या दोन खोल्यांत, त्यात सासूबाईंचा पलंग, मनात काही ठेवायला जागा कुठे होती.

त्याला खुपायचं ते पगाराचं नव्हतं. विभागाच्या बैठकीत पार्ट-टाइम लोकांना बसता येत नाही, हे त्याला खुपायचं. कोणता पेपर ठेवायचा, कोणता काढायचा, कुणी काय शिकवायचं, हे त्या बैठकीत ठरतं, आणि ते कायम नोकरीतले लोक ठरवतात. आमच्या विभागात कायम म्हणावेत असे आम्ही तिघं उरलो होतो. तास घेणारे बाकीचे सगळे पार्ट-टाइम. म्हणजे शिकवणारे बाहेर आणि ठरवणारे आत. एका वर्षी नवा अभ्यासक्रम आला आणि त्यात त्याचा सार्वजनिक वित्ताचा पेपर गेला. किती वर्षं तो हा पेपर शिकवत होता. बैठक चालू असताना तो शेजारच्या खोलीत मुलांचे गृहपाठ तपासत होता. विभागप्रमुख म्हणून त्याला ते मीच सांगितलं, घरी, भाजी निवडताना. त्यानं हातातली जुडी निवडून संपवली. मग म्हणाला, पेपर काढा ना, कोण नको म्हणतंय, पण काढताना मला समोर बसवा.

त्यानंतर त्यानं आणि त्याच्या सोबतच्यांनी एक प्रस्ताव तयार केला. ज्यांनी दीर्घकाळ शिकवलं आहे अशा पार्ट-टाइम शिक्षकांना विभागाच्या बैठकीत बसू द्यावं आणि मत देऊ द्यावं. बस, एवढंच. पैशाचा त्यात काही संबंध नव्हता, त्यामुळे आम्हाला वाटलं होतं की हे चुटकीसरशी होईल. पार्ट-टाइम लोकांना परिषदेत विषय मांडता येत नाही, कुणीतरी सदस्य लागतो. तेव्हाच्या विज्ञान शाखेच्या डीननी, अगदी सरळ माणूस, तो विषय मांडायचं कबूल केलं.

विषय निघाला की मी उठायचे. बाहेर व्हरांड्यात एक बाक आहे, तिथं बसायचे. दरवाजा जाड, आतलं काही ऐकू येत नसे. थोड्या वेळानं शिपाई यायचा आणि मान हलवून आत बोलवायचा. इतिवृत्तात लिहिलेलं असायचं, विषय पुढील बैठकीपर्यंत स्थगित. संध्याकाळी तो विचारायचा, काय झालं? मी म्हणायचे, ढकललं. कुठं, तो विचारायचा. पुढे, मी म्हणायचे. यावर आम्ही हसायचो सुद्धा. आत काय बोलणं झालं ते मी कधी कुणाला विचारलं नाही. बाहेर जायचा नियम आहे तर विचारायचं नाही हे त्यातच आलं, असं मी धरून चालले होते.

मग ते डीन निवृत्त झाले. विषय मांडायला कुणी उरलं नाही. मी सदस्य होते, पण मला तो मांडता येत नव्हता. घरच्या माणसाचा विषय.

या वर्षी उन्हाळ्यात तो उत्तरपत्रिका तपासायच्या केंद्रात खुर्चीवरच कलंडला. मेंदूत रक्तस्राव. दवाखान्यात शुद्धीवर न येताच तो गेला. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला विद्यानगरच्या हॉलमध्ये खूप माणसं आली, नांदेडहून त्याचे भाऊ आले, गौलीगुड्याहून सासऱ्यांच्या बस डेपोतले म्हातारे मित्र आले, त्याचे विद्यार्थी तर मला ओळखूही येईनात. भन्तेजी बोलत होते आणि मी पंख्याकडे बघत होते. तो पंखा जरा आवाज करत होता. रडायला आलं नाही. येईल, असं सगळ्या बायका म्हणाल्या. मी पण वाट बघितली. सकाळी उठायचं, सासूबाईंच्या गोळ्या द्यायच्या, कॉलेजात जायचं, यायचं. भूक लागायची, झोपही लागायची. हे बरोबर नाही असं मला वाटायचं, पण तेही दुसऱ्या कुणाबद्दल वाटावं तसं.

विद्वत् परिषदेच्या बैठकीच्या आधी रजिस्ट्रारचा फोन आला. तेलुगू माणूस, पण माझ्याशी हैदराबादी हिंदीत बोलतो. आधी तब्येतीची चौकशी केली. मग म्हणाला की पार्ट-टाइम लोक पुन्हा तो विषय घेऊन त्याच्याकडे आले होते, आणि त्यांची इच्छा आहे की तो मी मांडावा.

“अब तो मॅडम, कोई टेक्निकल प्रॉब्लेम नहीं रहा ना,” तो म्हणाला.

त्यात त्याची काही चूक नव्हती. खरंच नव्हता राहिला. तो घरचं माणूस होता तोपर्यंत अडचण होती, आता घरात ते माणूस नव्हतं. मी म्हटलं, हौ, मांडते. फोन ठेवल्यावर मला राग यायला हवा होता. मी थोडा वेळ तशीच बसून राहिले, राग येतो का बघत. मग उठून कुकर लावला.

बैठकीला आमच्याकडे पहिला विषय शोकप्रस्तावाचा असतो. मागच्या बैठकीनंतर विद्यापीठाचे जे जे गेले त्यांची नावं वाचतात आणि सगळे उभे राहतात. दोन मिनिटं म्हणतात, पण कुलगुरू घड्याळ बघतात आणि मनातल्या मनात लवकर मोजतात. नावं वाचली गेली. त्याचं नव्हतं. प्रथा अशी की फक्त कायम नोकरीतले आणि निवृत्त झालेले. शोक व्हायला सुद्धा परमनंट असावं लागतं, हे इतकी वर्षं उभं राहूनही माझ्या लक्षात आलं नव्हतं. वनस्पतिशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक गेले होते, त्यांना मी कधी पाहिलंही नव्हतं. मी त्यांच्यासाठी उभी राहिले. हात पुढे जोडून, नीट. शेजारच्या बाईंनी माझ्या दंडाला हात लावला आणि काढून घेतला.

मग परीक्षांचे, वसतिगृहांचे विषय झाले. आमचा विषय आला तेव्हा मी सवयीनं पिशवी उचलली आणि उठले. दोन पावलं गेले सुद्धा. कुलगुरू म्हणाले, मॅडम, बसा, मांडायचंय ना तुम्हालाच. कुणी हसलं नाही. मी परत बसले आणि प्रस्ताव वाचून दाखवला. माझा आवाज नेहमीसारखाच होता.

वाचून झाल्यावर कुलगुरूंनी विचारलं, हे आधी येऊन गेलंय ना, तेव्हा काय अडलं होतं? ते नवीन आहेत, त्यांना माहीत नव्हतं. बरेच जण टेबलाकडे बघायला लागले. शेवटी भाषा शाखेचे डीन बोलले. परिषदेत सगळ्यात जुने तेच, आणि मनानं वाईट नाहीत. माझ्याकडे बघून, अगदी मवाळ आवाजात ते म्हणाले, की विषयाला तसा कुणाचा विरोध कधीच नव्हता. एकच मुद्दा निघायचा. अर्थशास्त्रात नवरा-बायको एकाच विभागात आहेत. आज तिथं तिघांची मतं आहेत. एका घरात दोन मतं गेली तर विभाग स्वयंपाकघरातून चालेल, असं काही जणांना वाटायचं. मॅडम बाहेर असायच्या, त्यांच्या माघारी त्यांच्या घराबद्दल बोलणं बरं दिसेना. म्हणून पुढे ढकलत राहिलो.

“आता तो प्रश्न उरलेला नाही,” ते म्हणाले. “माझा पाठिंबा आहे.”

मी विचारलं, दुसरी काहीच हरकत नव्हती का? ते म्हणाले, नाही. मी रजिस्ट्रारकडे बघितलं. त्यानंही नाही म्हणून मान हलवली.

एका ओळीचं काम होतं. पती-पत्नी एकाच विभागात असल्यास मत दोघांपैकी एकालाच राहील. अशा ओळी मी झोपेत लिहीन, आयुष्यभर दुसऱ्यांच्या नियमांत त्या घालत आले आहे. मी दाराच्या त्या बाजूला, ऐकू येणार नाही इतक्याच अंतरावर बसले होते. कुणी दार उघडून विचारलं असतं तर उभ्या उभ्या लिहून दिली असती. पण मी नियमानं बाहेर होते आणि ते सभ्यतेनं गप्प होते.

कुलगुरूंनी विचारलं, कुणाचं काही? कुणाचं काही नव्हतं. एकमतानं मंजूर. तेवढ्यात समोसे आले. पार्ट-टाइम लोकांपैकी दोघं-तिघं खाली वाट बघत होते, त्यांना कुणीतरी निरोप दिला असावा. मी जिना उतरून आले तेव्हा ते पुढे झाले, एकीचे डोळे भरले होते, सर असायला हवे होते म्हणाली. मी त्यांचं अभिनंदन केलं, पुढच्या आठवड्यात बैठक आहे, सगळ्यांनी या, असं सांगितलं. मला चांगलं वाटायला हवं होतं. त्यांचे चेहरे बघून हे चांगलं आहे एवढं मला कळत होतं.

घरी आले तर सासूबाई पलंगावर बसून होत्या. आज बैठक आहे, त्याच्या विषयाची, हे मी सकाळी त्यांना सांगितलं होतं. त्यांना परिषद वगैरे कळत नाही, पण तो इतकी वर्षं कशासाठी धडपडत होता ते त्यांना पक्कं माहीत होतं.

“झालं का गं माय त्याचं काम?” त्यांनी विचारलं.

झालं म्हटलं. त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला. पोरगं असतं तर नाचलं असतं, असं काहीतरी पुटपुटल्या. मग थोड्या वेळानं म्हणाल्या, “मंग इतके साल काहून अडलं व्हतं?”

खोटं सांगता आलं असतं. कागद अडकले होते म्हणून सांगितलं असतं तर त्यांनी मान डोलावली असती. पण मला दुसरं काही सुचेना. मी म्हटलं, एका घरात दोघांना मत नको म्हणत होते, आई. एकालाच. आणि माझं आधीपासून होतं.

त्यांनी हे नीट समजून घेतलं. त्यांना वेळ लागला.

“तुझं देऊन टाकलं नसतं का त्याला?”

“दिलं असतं की,” मी म्हटलं.

एका क्षणाचाही विचार केला नसता. त्या बैठका मला कधी आवडल्याच नाहीत. तो आत बसला असता, मी शेजारच्या खोलीत गृहपाठ तपासले असते आणि घरी येऊन त्यानं मला सगळं रंगवून सांगितलं असतं, कोण काय बोललं, कुणाला कसं गप्प केलं. हे मी त्याला सांगायला म्हणून आतल्या खोलीकडे वळले. खोलीत अंधार होता. तेव्हा कुठे मला रडू आलं.