चौकटीवरचा हात

नागपूरच्या विमानतळावर मी आत गेले ती वळून न पाहता. ट्रॉली, दोन बॅगा, आईने शेवटच्या क्षणी कोंबलेलं मेतकूट, आणि सरळ आत. नागपूरकरांनो, तुम्हाला हे तोंडपाठ आहे. "पोरीने वळूनसुद्धा पाहिलं नाही हो," असं आई बारा वर्षं प्रत्येक लग्नात सांगत आलीय. वळले असते तर गेलेच नसते, एवढं एक वाक्य मात्र मला तिला कधी सांगता आलं नाही. राग यायचा, तिचाही आणि स्वतःचाही.

यंदा ती इथे ग्लासगोला माझ्याकडे आली, सहा महिन्यांच्या व्हिसावर. शाळेत तीस वर्षं गॅदरिंगची नाटकं बसवलेली बाई, पण इथे बसमध्ये, डॉक्टरच्या दवाखान्यात, शेजारणीशी बोलताना, सगळीकडे मी तिच्या कानाशी, इंग्रजीचं मराठी करत. "मुकी करून टाकलंस मला," म्हणायची.

आमच्या फिल्म क्लबात एका जर्मन नटाचा मूकपट होता. त्याच्यावरचं पत्रक मीच लिहिलं होतं. नाटकातून पडद्यावर आला, नाव झालं, मग स्वतःच दिग्दर्शन करू लागला. बोलपट आल्यावर देश सोडून इकडे आला, पण त्याचं इंग्रजी पडलं जर्मन वळणाचं. मिळाले ते मान हलवणाऱ्या नोकरांचे रोल. नुसत्या चेहऱ्यावर थिएटरं भरवलेला माणूस हो! परत मात्र गेला नाही. आईला हे सांगितलं तर म्हणाली, "चल, बघू तरी माझा भाऊबंद."

सिनेमा त्यानेच दिग्दर्शित केलेला. पियानो सुरू झाला, इंग्रजी पाट्या आल्या, आणि मी सवयीने कुजबुजायला लागले.

"गप गं. कळतंय मला."

पडद्यावर तो घर सोडून निघाला. म्हातारी आई मागे उभी. तो वळला नाही, फक्त त्याचा हात दाराच्या चौकटीवर जरा जास्त वेळ राहिला. आईने माझं मनगट घट्ट धरलं.

"वळला असता तर गेलाच नसता," ती म्हणाली. पडद्याकडे बघतच.

मला हुंदका आवरेना. घरी येताना बसमध्ये ती शेंगदाण्याच्या चटणीबद्दल बोलत राहिली.

मागच्या महिन्यात तिला विमानतळावर सोडलं. सिक्युरिटीच्या दारात तिचा हात रेलिंगवर राहिला, जरा जास्त वेळ. मग ती आत गेली. वळली नाही.

मी कारमध्ये बसून रडले, आणि बरंही वाटलं. असं न वळता माणूस फक्त घरातूनच निघतो. म्हणजे हेही तिचं घर झालं होतं.