डेलमरची माती

डेलमर पिट्स हा विलमेट खोऱ्यातला अत्यंत तत्त्वनिष्ठ माणूस. फक्त दुसऱ्याच्या जमिनीबाबत. काउंटीच्या नियोजन मंडळाच्या खुर्चीला तो वर्षानुवर्षं चिकटून होता. शहराच्या हद्दीच्या आत घरं, बाहेर शेती, या नियमाची राखण म्हणे तोच करायचा.

शेजारच्या आर्लीन स्टॉफरनं मुलासाठी आपल्या कुरणाच्या कडेला एक घर बांधू द्या म्हणून अर्ज केला, तेव्हा यानंच तिला भर सभेत ऐकवलं होतं, "आर्लीन, चांगली माती एकदा सिमेंटखाली गेली की गेली. नातवंडांचा विचार कर."

नातवंडांचाच विचार करून ती आली होती. अर्ज फेटाळला गेला. तिचा मुलगा ट्रॉय बायकोला घेऊन दूर आयडाहोला गेला, नातवंडं तिकडेच झाली. आणि संताप याचा, की डेलमरचं म्हणणं तिला पटलं होतं. माणूस भिकार, पण बोलला ते खरं.

या वसंतात शहराची हद्द सरकवायचं निघालं आणि डेलमरच्या रानाला बिल्डर भेटला. लगेच याच्या तोंडी 'शाश्वत विकास'. चर्चमध्ये तेच, खताच्या दुकानात तेच. मातीचा तज्ज्ञ आणवला आणि त्याला खड्डा खणायला लावला तो नाल्याकाठच्या कोपऱ्यात, जिथं बदकंसुद्धा नाक मुरडतात. निकाल: चिकट, निकस, शेतीला नालायक, म्हणजे हद्दीत घ्यायला मोकळी.

ट्रॉयचा फोन आला. "आई, त्याचं रान हद्दीत गेलं की पुढच्या खेपेला आपलं जाईल. मग मला घर बांधता येईल. तू फक्त गप्प बस."

आर्लीन सुनावणीला गेली. प्रत्येकाला तीन मिनिटं. डेलमर नियमानुसार आपली खुर्ची सोडून वकिलाशेजारी, अर्जदाराच्या बाकावर, साळसूदपणे बसला होता.

"मॅडम," आर्लीन अध्यक्षबाईंना म्हणाली, "मी डेलमरच्या बाजूनं बोलायला आलेय."

डेलमर खूश झाला.

"त्याची माती खरंच टाकाऊ आहे. त्याच्या बापाला कुणीतरी फसवून गळ्यात मारली असणार. मला एकच कोडं पडलंय. काउंटीच्या जत्रेत सगळ्यात मोठ्या भोपळ्याचं बक्षीस दरवर्षी यालाच. नियम असा, की भोपळा स्वतःच्या रानातला हवा. असल्या मातीत तर काकडी धरायची नाही! म्हणजे विकत आणत असणार बिचारा. होतं असं माणसाच्या हातून. डेलमर, बक्षिसं परत करून टाक, कुणी काही बोलणार नाही."

आमच्याकडे माणसाला लबाड म्हटलं तर तो हसून सोडून देतो. भोपळा विकतचा म्हणणं मात्र कुणी खपवून घेत नाही. वकिलानं बाही धरली, ती झटकून डेलमर उभा राहिला.

"विकतचा? अगं, त्याच रानातला आहे! बिल्डरला दिलंय त्याच रानातला! हातभर खोल माती आहे तिथं, मुठीत घेतली तर केकसारखी भुरभुरते! अख्ख्या खोऱ्यात तशी माती दाखव मला!"

"मिस्टर पिट्स, हे नोंदीत घ्यायचं?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"घ्या! मोठ्या अक्षरात घ्या!"

वकिलानं फाइल मिटली.

हद्द जागची हलली नाही. बाहेर गाड्यांपाशी डेलमरनं तिला गाठलं. "ट्रॉयचा सूड उगवलास ना?"

"ट्रॉयचंच बघायचं असतं तर गप्प बसले असते," आर्लीन म्हणाली. "तुझी घरं झाली असती, मागोमाग माझं कुरण आत गेलं असतं आणि माझा पोरगा घरी आला असता. तू सांगितलेलं मी खरं धरलं, डेलमर. तूच धरलं नाहीस." आणि त्याच्या तोंडावर गाडीचं दार लावून घेतलं.

घरी येऊन तिनं आयडाहोला फोन लावला.

"काय झालं?" ट्रॉयनं विचारलं.

"हद्द तिथंच राहिली."

तो मग म्हणाला, "म्हणजे मी पण इथंच."

"हो," आर्लीन म्हणाली. "मुलं जेवली का?"