दुपारी बाराचा फोटो

आधीच सांगतो, आमच्या घरात भूतखेत, नवस, अंगात येणं असलं काही चालत नाही. वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतली, तेव्हाच ते सगळं घराबाहेर गेलं. त्यामुळे हे लिहिताना मलाच अवघडल्यासारखं होतंय...

आणीबाणी उठून वर्ष झालं होतं. मी नागपुरात, नंदनवनमध्ये कौसाबाईंकडे एका खोलीत भाड्यानं राहायचो. मी कचेरीत क्लार्क, त्या इतवारीतल्या दुकानात धान्य निवडायला जायच्या. सकाळी नऊला फाटकाला लागलेलं कुलूप संध्याकाळीच उघडायचं.

मे महिन्यात अंगणातल्या डाळिंबात बुलबुलांनी घरटं केलं. मला फोटोचा नाद. प्लायवुडचा खोका केला, त्याला भिंगाची काच बसवली, आत फोटो छापायच्या ब्रोमाइड पेपरचा तुकडा. गजराच्या घड्याळाच्या चावीला दोरा बांधला — बाराला गजर झाला की चावी फिरायची, दोरा ओढला जायचा आणि शटर पडायचं. दिवसाला एक फोटो.

चौथ्या दिवशी मांजरानं मादी मारली. नर पुन्हा फिरकला नाही. घरट्यात दोन पिल्लं, धड पिसंही न फुटलेली.

"नाही वाचत आता ते, भाऊ," कौसाबाई म्हणाल्या. "तसंबी झाड तोडाचंच आहे मले. खोली काढतो तिथं."

पण पिल्लं जगली. संध्याकाळी येऊन पाहावं तर पोटं टम्म! कोण भरवतंय? पुढचे दोन फोटो हलले. तिसरा स्वच्छ आला.

त्यात हात होता. पुरुषाचा. चिमटीत काहीतरी धरून उघड्या चोचीवर आलेला... भिंतीच्या बाजूनं. झाड आणि भिंत यांच्यात वीतभरही जागा नव्हती. तर्जनी अर्ध्यातून तुटलेली.

कौसाबाईंना दाखवला. त्या दाराच्या उजेडात बराच वेळ बघत राहिल्या.

"हा तर यायचा हात आहे," हळूच म्हणाल्या.

यायचा, म्हणजे त्यांच्या यजमानांचा. ते मी तिथं राहायला जाण्याआधीच वारले होते. बोट मिलमधल्या मशीनीत गेलेलं, हेही मला त्याच दिवशी कळलं.

"यायचा फोटो कधी काढलाच नाही गा आमी," त्या म्हणाल्या, आणि तो पदराखाली धरून आत गेल्या.

झाड तोडायचं राहिलं. दोन-तीन दिवसांत पिल्लं उडाली. तरी रोज संध्याकाळी विचारायच्या, "आज आले काय, भाऊ?" मी त्या दिवशीच्या फोटोतलं रिकामं घरटं दाखवायचो. पेपर संपला, तेव्हा मी खोका काढून ठेवला.

कौसाबाईंकडून मागून नेऊन फोटोग्राफीतल्या एका जाणकार मित्राला मी तो फोटो दाखवला होता. एकावर एक दोन फोटो आलेत का, हे त्यानं तपासलं. तसं काही नव्हतं. तो हात कुठला, ते मला आजही सांगता येत नाही.

वर्षाअखेर बदली झाली. निघताना कौसाबाईंनी खोका मागितला. आत पेपर नाही, फोटो येणार नाही, असं मी समजावलं.

"असू द्या," त्या म्हणाल्या. "घड्याळाले चावी कशी द्याची, तेवढं दाखवून जा."